केलड्यांनी पेरलेला डोंगर

मुलुंडला आमची बिल्डिंग उभी राहिली तेव्हा तिच्यामागे काहीच नव्हतं. डोंगर होता, पण तो म्हणायला. पूर्वी तिथे दगडाची खाण होती. खाणवाल्यांना हवं तेवढं त्यांनी फोडून नेलं आणि उरलेलं तसंच टाकून गेले. वर माथ्यावर नॅशनल पार्कचं हिरवं जंगल, खाली आमची बिल्डिंग आणि तिला लागून पत्र्याच्या घरांची वस्ती. मधला सगळा उतार खरवडून काढल्यासारखा. मुरूम, खडी आणि मोठाले धोंडे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नसे.

त्या उतारावर एप्रिलच्या भर उन्हात एक बाई डोक्यावर बादली घेऊन चढताना मी पहिल्यांदा पाहिली ती चौऱ्याऐंशी साली. वर ना घर, ना नळ, ना देऊळ. ती अर्ध्यावर गेली, खडी फोडायचं जुनं यंत्र गंजून पडलं होतं त्याच्यापाशी थांबली, तिथल्या एका पसरट घमेल्यात बादली ओतली आणि रिकामी बादली हलवत खाली आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या सासूबाई म्हणाल्या, नवस असेल काहीतरी. माझा नवरा मार्तंड म्हणाला, डोकं फिरलं असेल.

तिचं नाव शेवंती घाडी. पुढे आमची इतकी ओळख झाली की तिच्या आयुष्यातलं बरंच काही मला तिच्याच तोंडून कळलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून ती मला 'बाई' म्हणायची आणि मी तिला 'शेवंतीबाई'. ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

ती मूळची मालवणाकडची. लग्न होऊन मुंबईला आली ती लालबागला. नवरा जयवंत गिरणीत विणकर. घर खोलीएवढं, पण दर महिन्याच्या पगारावर नीट चाललेलं. मग संप झाला, आणि संप कधी संपला ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही. गिरणी सुटली, खोली गेली, आणि ही दोघं एका गाववाल्याच्या ओळखीने मुलुंडच्या या वस्तीत पत्र्याचं घर बांधून राहिली. शेवंतीबाई मार्केटात भाजी विकायला बसू लागल्या. जयवंत मात्र घरातच. त्याला कुणी कामाला बोलावलं तरी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. माणूस वाईट नव्हता, दारू पीत नव्हता, भांडत नव्हता. नुसता विझला होता.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात तो उतार खाली आला. सगळा नाही, एक पट्टा. भरदुपारी चिखल आणि खडी भसकन वस्तीत घुसली आणि शेवंतीबाईंची मागची भिंत घेऊन गेली. कुणी दगावलं नाही. पण चूल, पिठाचे डबे, गादी, सगळं लाल चिखलात. मग सरकारी साहेब लोक आले, जागा धोक्याची आहे असं सांगून गेले, आणि ऑगस्टमध्ये उतारावर रोपं लावण्याचा समारंभ झाला. गुलमोहर आणि सुबाभूळ. हार, नारळ, फोटो. दिवाळीपर्यंत त्या रोपांच्या काठ्या झाल्या. चूक कुणाची म्हणायची? त्या मुरमात पाणी टिकतच नव्हतं, आणि वर जाऊन पाणी घालणार कोण?

शेवंतीबाई सरपणाच्या काटक्या गोळा करायला वर जायच्या. त्या वाळलेल्या रोपांच्याही काठ्या त्यांनी चुलीत घातल्या. तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सगळा उतार बोडका, पण त्या गंजक्या यंत्राभोवती हिरवं होतं. फार नाही, एका अंगणाएवढं. सिमेंटच्या चौथऱ्याच्या फटीत पायरीचं, म्हणजे पिंपळासारख्या एका रानझाडाचं, रोप मुळं आवळून बसलेलं, बाजूला शिवणीची दोन, भोकराचं एक, करवंदीची जाळी. कुणी लावली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी माणसाच्या गुडघ्याएवढी झाली होती.

त्या कोकणातल्या, झाडं ओळखण्यात त्यांना काही विशेष वाटत नव्हतं. पण इथेच का, हे त्यांना उमगेना. म्हणून एके सकाळी भाजीची पाटी उशिरा उचलायची ठरवून त्या वरच बसल्या, आणि त्यांना उत्तर सापडलं. जंगलातून माकडं आली. आपल्याकडची ती लाल तोंडाची, लांब शेपटीची, डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखी दिसणारी. त्यांच्या गावाकडे त्यांना केलडी म्हणतात, आणि शेवंतीबाईही शेवटपर्यंत केलडीच म्हणत. वस्तीच्या मागे नळापाशी एक मोठा उंबर होता, तो पिकला की ही टोळी खाली यायची. उघड्या उतारावर ती घाबरत, धावतच उतरायची. पण त्या यंत्रापाशी आली की वर चढून बसायची, कारण तिथून चारी बाजूंना दिसतं. परतताना तेच. उंबरावर सावकाश खात बसायला वेळ नसतो, कुत्री असतात, पोरं दगड मारतात. म्हणून केलडी भराभर फळं गालात कोंबायची. त्यांच्या गालांत पिशव्या असतात. गळ्यापर्यंत फुगलेले ते गाल घेऊन यंत्रापर्यंत पळायचं, आणि तिथे निवांत बसून एकेक फळ बाहेर काढून चघळायचं. खाली येताना जंगलातली भोकरं, करवंदं गालात भरून आणायची आणि तीही तिथेच संपवून बी थुंकायची. बारीक बिया गिळायची, त्या विष्ठेतून पडायच्या. वर्षानुवर्षं तेच.

टोळीत एक म्हातारी होती. एक कान फाटलेला, चेहरा सुरकुतलेला, चाल संथ. शेवंतीबाईंनी बरेच दिवस पाहिलं तेव्हा त्यांना कळलं की वाट तीच ठरवते. दांडगा नर पुढे मिरवायचा, पण म्हातारी वळली की सगळी वळायची. ती उगाच कुठे जात नसे. वरच्या कड्यावरचं एक करवंद काळं झालं की दुसऱ्या दिवशी ती टोळीला घेऊन दूरच्या सगळ्या जाळ्या तपासून यायची, जणू एक पिकलं तर बाकीच्याही आल्या असतील. उंबर पिकायच्या आधी ती एकटीच चार दिवस येऊन, एक फळ तोडून, वास घेऊन जायची. मागच्या साली तोडलेल्या जांभळीच्या जागीही ती एकदा येऊन बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि निघून गेली. पुन्हा तिकडे फिरकली नाही.

हे सगळं जुळल्यावर शेवंतीबाईंच्या डोक्यात जे आलं ते इतकं साधं होतं की त्यांना कुणाला सांगायची लाज वाटली. केलडी बसतात तिथे झाड येतं. उतारावर बसायला एकच जागा आहे, म्हणून झाडं एकाच जागी आहेत. बसायच्या जागा वाढवल्या तर?

त्यांनी आधी पाणी नेलं. उन्हाळ्यात उतारावर थेंब नसतो, आणि तहानलेलं जनावर थांबतंच. नळाचं पाणी वस्तीत कुणी वाया घालवू दिलं नसतं, म्हणून त्या तांदळाचं धुवण न्यायच्या. मी खिडकीतून पाहिलेली बादली ती हीच. मग बांबू. आमच्या बिल्डिंगच्या बांधकामाचे फुटके बांबू मागच्या बाजूला पडले होते, ते त्यांनी मागून नेले आणि खड्ड्यांत रोवले. एकही केलडं त्यांच्यावर बसलं नाही. वस्तीतल्या लोकांना हसायला विषय मिळाला. कुणी विचारायचं, शेवंतीकाकी, माकडांना खुर्च्या मांडल्यात का गं?

त्या पुन्हा जाऊन पाहू लागल्या. केलडी बांबूकडे बघतसुद्धा नव्हती, कारण बांबू खळग्यात होते. तिथे बसून काहीच दिसत नाही, मग बसायचं कशाला? शेवंतीबाईंनी सगळे उपटले आणि उंचवट्यांवर लावले, जिथून वर जंगल आणि खाली वस्ती दोन्ही दिसेल अशा जागी. हे एकट्या बाईचं काम नव्हतं. त्या धडपडत होत्या, बांबू कलत होते. आणि एक दिवस पहाट सरल्यावर जयवंत अंथरुणातून उठला, त्यांच्या मागोमाग वर गेला, त्यांच्या हातातली सुतळी घेतली आणि गाठ मारली. विणकराची गाठ. ती सुटली नाही. त्या दिवसापासून तो रोज वर जायला लागला. शेवंतीबाई मला सांगायच्या, डोंगराचं मला काय, माझं पहिलं झाड ते. हे सांगताना त्या नेहमी दुसरीकडे बघत.

पहिल्या पावसात बांबूंच्या बुडाशी कोवळे कोंब आले. शेवंतीबाईंनी एकेकाचं पान ओळखून नाव घेतलं: भोकर, जांभूळ, उंबर, आणि अळू, म्हणजे भाजीचं नव्हे, रानातलं फळझाड. दसऱ्यापर्यंत त्यातला एकही कोंब शिल्लक राहिला नाही. वस्तीतल्या कुंडलिकच्या शेळ्यांनी सगळे चरून टाकले. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, डोंगर काय तुझ्या बापाचा? तो बोलायला फटकळ होता. ते वर्ष फुकट गेलं. शेवंतीबाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून रोपांभोवती रचायला सुरुवात केली. पण शेळ्या त्याहून हुशार होत्या.

पंच्याऐंशीच्या जुलैमध्ये उताराचा आणखी एक पट्टा घसरला आणि नेमका कुंडलिकच्या शेळ्यांच्या गोठ्यावर आला. सगळ्या वस्तीने फावडी घेऊन शेळ्या बाहेर काढल्या. दोन मेल्या. कुंडलिक चिखलात बसून राहिला होता. तेव्हा त्याने वर पाहिलं आणि त्याला दिसलं की घसरलेला पट्टा त्या यंत्रापाशी दोन्हीकडे फुटून खाली आला होता. मधली हिरवी जागा तशीच होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शेळ्या रस्त्यापलीकडच्या मैदानात चरायला जाऊ लागल्या. माफी वगैरे त्याने मागितली नाही. एका संध्याकाळी धुवणाची बादली त्याच्याही घरून आली, एवढंच. मग इतर घरांतूनही येऊ लागली. संध्याकाळी वस्तीत बायका आपापलं तांदळाचं पाणी शेवंतीबाईंच्या पिंपात ओतून जात.

मी शेवंतीबाईंशी पहिल्यांदा बोलले ते याच सुमारास. केलड्यांनी थुंकलेल्या बिया त्यांनी गोळा करून आणल्या होत्या, जांभळाच्या, स्वच्छ चोखलेल्या. मला प्रयोग सुचला. तेलाचे रिकामे डबे घेऊन आम्ही एकात त्या बिया पेरल्या आणि दुसऱ्यात गरासकट अख्खी जांभळं. गरासकट पेरलेल्यांवर बुरशी आली, मुंग्या लागल्या, आणि फारच थोडी उगवली. चोखलेल्या बिया मात्र डबाभर वर आल्या. माझ्या वर्गातल्या मुलींना मी ते डबे दाखवले. शेवंतीबाई म्हणाल्या, आमची केलडी तोंडातच साफसफाई करून देतात. असं नीटनेटकं बियाणं दुकानातही मिळायचं नाही. आम्ही दोघी फार हसलो.

शहाऐंशीच्या मे महिन्यात मात्र आमच्याच घरात गोष्ट फिसकटली. गच्चीवर सासूबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. टोळी आली. उंबर संपला होता, आणि मागच्या वर्षी त्याच गच्चीवर त्यांना पापड मिळाले होते, ते काही केलडी विसरली नव्हती. सासूबाई काठी घेऊन धावल्या, पाय घसरला आणि मनगट मोडलं. मार्तंड सोसायटीचा सेक्रेटरी. तो तापट नाही, पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्याने माकडं पकडणाऱ्याला बोलावलं.

तो माणूस सकाळी पिंजरा घेऊन आला, आत केळी टांगली आणि आडोशाला बसला. आधी एक पिल्लू आत शिरलं. म्हातारी बाहेर बसून ओरडत होती. पिल्लू येईना तेव्हा ती त्याला ओढायला आत गेली आणि झडप पडली. पिल्लू गजांतून निसटलं. म्हातारी अडकली. सगळी टोळी कंपाउंडच्या भिंतीवर गोळा होऊन किंचाळत होती, आणि पिंजरा हातगाडीवर चढत होता.

शेवंतीबाई मार्केटातून धावत आल्या. कुणीतरी निरोप दिला असावा. पाटी कुठे ठेवली ते त्यांनाही आठवत नव्हतं. त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या. मार्तंड खाली उतरला. मीही गेले.

"सायब, हिका सोडा," त्या म्हणाल्या.

मार्तंड म्हणाला, "माझी आई आत प्लास्टर घालून बसली आहे. तिची जबाबदारी माझ्यावर आहे. तुम्ही बाजूला व्हा."

"तुमच्या आईचो हात मोडलो त्याचा माका वायट वाटता," शेवंतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण ह्या म्हातारेक नेलात तर त्यो डोंगर एक दिवस तुमच्या कंपाउंडात येतलो. हिच्या डोक्यात सगळी झाडां आसत. खयचा कधी पिकता, खयसून जावचा, सगळा. बाकीची हिच्या मागसून चलतत. ही गेली तर त्येंका वाट दाखवतलो कोण? आणि केलडी इली नाय तर थय कायएक रुजाचा नाय."

मार्तंड कंपनीत ड्राफ्ट्समन होता. त्याला कुणी काही सांगितलं की तो म्हणायचा, दाखवा. तेव्हाही तो तेच म्हणाला. पिंजरेवाल्याला थांबायला सांगून तो ऑफिसच्या कपड्यांत शेवंतीबाईंच्या मागोमाग उतार चढू लागला. आम्ही खालून बघत होतो. दोघं यंत्रापाशी थांबली, मग एका बांबूपाशी, मग दुसऱ्या. तो मध्येच वाकून काहीतरी हाताने उपटायचा प्रयत्न करत होता. ते पायरीचं रोप होतं, असं त्याने नंतर सांगितलं. हाताच्या बोटाएवढं खोड, पण दगडातून सुटता सुटेना.

तो घामाने निथळत खाली आला. थोडा वेळ त्याने आमच्या कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं, मग वर उताराकडे.

"सोडा तिला," तो म्हणाला. मग शेवंतीबाईंकडे वळून, "पण गच्चीवर ही पुन्हा आली तर मी पुन्हा पिंजरा आणणार. तुम्ही यांना इतकं ओळखता, तर मला सांगा, येऊ नयेत म्हणून काय करायचं."

शेवंतीबाईंनी होकार दिला. झडप उघडली. म्हातारी लगेच पळाली नाही. भिंतीवर चढून बसली, अंग झटकलं, आणि मग सावकाश उताराकडे निघाली. सगळी टोळी तिच्या मागोमाग.

अट पाळणं सोपं नव्हतं, पण शेवंतीबाईंचं उत्तर तयार होतं. केलडी जिथे एकदा खायला मिळालं तिथे बघून जातातच. ते त्यांच्या डोक्यातून दगड मारून जात नाही. चार वेळा येऊन काही मिळालं नाही तरच जातं. म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत गच्चीवर काही म्हणजे काही वाळलं नाही. कुरडया जाळी लावलेल्या गॅलरीत गेल्या, कचऱ्याच्या पिंपांना झाकणं आली, आणि उंबर पिकायला लागला की शेवंतीबाई दारोदार सांगून जायच्या, खिडक्या लावून घ्या. टोळी आली. पाहून गेली. पुन्हा आली, पुन्हा रिकामी गेली. पावसाळा संपेपर्यंत त्यांनी आमची गच्ची सोडून दिली.

यात सगळ्यांत गंमत सासूबाईंची झाली. प्लास्टरमुळे त्यांना काम करता येईना, म्हणून त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या. महिन्याभरात त्या फाटक्या कानाच्या म्हातारीला लांबून ओळखू लागल्या. शेवंतीबाई रस्त्याने दिसल्या की वरून सांगायच्या, "आज तुझी म्हातारी तिसऱ्या बांबूवर बसली होती गं, बराच वेळ." हात बरा झाल्यावरही खुर्ची तिथून हलली नाही.

मार्तंडने बांबूंचा प्रश्न मनावर घेतला. एकटा बांबू वाऱ्याने पडतो, म्हणून त्याने तीन पायांची घडवंची कागदावर काढली, मध्ये दगड बांधून वजन देण्याची सोय केली, वर बसायला आडवं लाकूड. जयवंतने गाठी मारल्या. दोघं रविवारी वर जायचे आणि परत येताना गिरणीतल्या मागांबद्दल बोलत असायचे. पुढे मार्तंडच्याच ओळखीने जयवंतला कांजूरमार्गच्या एका कारखान्यात काम मिळालं. पहिल्या पगाराच्या दिवशी त्याने आमच्याकडे पेढे आणले आणि खुर्चीवर ताठ बसून चहा प्यायला.

मग वर्षं गेली आणि उतार बदलला. सुरुवातीला नुसते ठिपके होते, एकेका घडवंचीभोवती एकेक. मग त्या ठिपक्यांतल्या भोकरांना, करवंदांना स्वतःची फळं आली. आता केलड्यांना खाली उंबरापर्यंत येण्याचीही फार गरज उरली नाही. मधल्या मधेच खायचं, मधल्या मधेच थुंकायचं. बुलबुल आले, त्यांनी आपल्या बिया आणल्या. ठिपके पसरत गेले आणि एकमेकांना भेटले. शेवंतीबाईंनी आणलेल्या रोपांची संख्या शून्य होती. त्यांनी एकही झाड लावलं नाही. त्यांनी नुसत्या जागा केल्या आणि वाट राखली.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत म्हातारी दिसेनाशी झाली. आम्हाला काळजी वाटली, पण टोळी त्याच वेळी, त्याच वाटेने आली. पुढे एक मधल्या वयाची मादी होती. ती उंबराखाली थांबली, एक फळ तोडलं, वास घेतला, टाकलं आणि सगळ्यांना माघारी नेलं. उंबर अजून कच्चा होता. शेवंतीबाईंनी माझा हात घट्ट धरला.

एकोणनव्वदच्या जुलैत तो पाऊस आला. दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पडत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायकांनी गाठोडी बांधली, म्हातारी माणसं शाळेत हलवली. पलीकडच्या खाणीचा उतार खाली आल्याची बातमी आली होती. तिथे कुणी राहत नव्हतं, पण आवाज आमच्यापर्यंत पोचला होता. मार्तंड ऑफिसला गेला नाही. कुंडलिक आणि जयवंत फावडी घेऊन वस्तीच्या मागच्या बाजूला उभे होते. शेवंतीबाई डोक्यावर गोणपाट घेऊन उताराच्या पायथ्याशी, सगळ्यांच्या पुढे. मी छत्री घेऊन गेले, पण त्या छत्रीत यायला तयार होईनात.

दुपारी पावसाने जोर धरला आणि वरून आवाज सुरू झाला. सगळे मागे सरले. शेवंतीबाई सरल्या नाहीत. झाडांच्या मधून लोंढा दिसला, खाली आला, आमच्या पायांवरून गेला. पाणी आलं. पण पाणीच आलं. गढूळ होतं, पण त्यात खडी नव्हती, मुरूम नव्हता, धोंडा नव्हता. घोट्यापर्यंत आलं, वस्तीच्या गटारातून वाट काढत रस्त्याला लागलं. वर पायरी आणि उंबरांनी दगड आवळून धरले होते, करवंदीने माती धरली होती. आम्ही तासभर तसेच उभे राहिलो, कारण कुणालाच विश्वास बसत नव्हता. मग कुंडलिकने फावडं खाली टाकलं आणि तो तिथेच चिखलात नाचायला लागला. एवढा मोठा माणूस, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांनी गाठोडी सोडली. कुणीतरी चहाचं पातेलं चढवलं आणि त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमधल्या आणि वस्तीतल्या लोकांनी भर पावसात एकत्र चहा प्यायला.

आठवड्याने धोक्याची जागा पाहायला एक सरकारी साहेब आले. ते बराच वेळ वर बघत राहिले. चांगला माणूस होता, त्याने बूट चिखलात घालून वरपर्यंत चढून पाहिलं आणि खाली येऊन विचारलं की हे लावलं कुणी. सगळ्यांनी शेवंतीबाईंकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, मी नाही, केलड्यांनी. साहेबांना वाटलं चेष्टा करताहेत, तेव्हा मार्तंडने त्यांना बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. वस्ती उठवण्याची नोटीस त्या वर्षी आली नाही, नंतरही आली नाही.

हे सगळं कर्णोपकर्णी पसरलं. हिवाळ्यात घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतल्या काही बायका शेवंतीबाईंना शोधत आल्या. त्यांच्याही डोक्यावर असाच बोडका उतार होता. त्यांच्यातली कमल नावाची एक पुढारी बाई होती. ती म्हणाली, आमच्याकडे या, आम्हाला शिकवा. शेवंतीबाईंनी मलाही बरोबर घेतलं. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

टेकडीखाली पन्नासेक बायका जमल्या होत्या. भाषण अपेक्षित होतं. शेवंतीबाईंनी भाषण केलं नाही. त्या उतारावर थोड्या चढल्या, हात कमरेवर ठेवून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "हय केलडी येतत?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कमल म्हणाली, नाही हो, आमच्याकडे माकड औषधालाही नाही.

एवढ्या लांब येऊन आता काय सांगणार? शेवंतीबाई मात्र अजिबात गडबडल्या नाहीत. त्यांनी उतारावरच्या एका एकट्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. त्याच्या तारेवर तीन-चार बुलबुल बसले होते, आणि खांबाच्या बुडाशी कसलंतरी हिरवं रोप उभं होतं. त्या तिकडे गेल्या, गुडघ्यावर बसल्या, पान चुरगळून वास घेतला आणि मागे वळून हसल्या.

"बांबू आसत काय कोणाकडे?" त्यांनी विचारलं. "चला तर मग."